डिक्की किती लिटरची? घरासाठी गाडी घेताना सामानाची जागा कशी मोजायची

१२८ जीबीचा फोन घेतला, घरी येऊन सेटिंगमध्ये पाहिलं आणि हाती १२८ नव्हे तर जेमतेम १०५-११० जीबीच मोकळे दिसले, हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. कंपनी खोटं बोलत नाही. फक्त सिस्टिमने अडवलेली जागा ती वेगळी सांगत नाही. गाडीच्या डिक्कीचं अगदी असंच आहे. ब्रोशरवर ३८२ लिटर लिहिलेलं असतं आणि दिवाळीला निघायच्या दिवशी शेवटची बॅग कुणाच्या तरी मांडीवर असते.

हा लेख लिहायला बसलो त्याचं कारण घरचंच आहे. मी पुण्यात नोकरी करतो, घर शेलूबाजारला. अकोला–मंगरूळपीर रस्ता आणि जुना नागपूर–औरंगाबाद रस्ता इथे एकमेकांना कापतात, आणि आता समृद्धी महामार्गावर चढायची जागाही इथेच आहे. मागच्या वर्षी आजीचं चालणं बंद झालं आणि घरात व्हीलचेअर आली. जुन्या छोट्या हॅचबॅकमध्ये व्हीलचेअर टाकली की मागची सीट पाडावी लागायची, आणि सीट पाडली की आजीसोबत बसायला कुणी नाही. म्हणजे तपासणीला अकोल्याला जायचं तर दर वेळी दुसऱ्याची गाडी मागायची. मग गाडी बदलायचं ठरलं. बाबांचं म्हणणं, सात सीटर घेऊ, सगळे मावतील. माझंही आधी तेच मत होतं. दोघांचंही अर्धंच बरोबर होतं.

लिटर म्हणजे नक्की काय?

डिक्कीत पाणी ओतून कुणी लिटर मोजत नाही. जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत जर्मनीच्या वाहन उद्योग संघटनेची, तिला व्हीडीए म्हणतात. २०० × १०० × ५० मिलिमीटरचे ठोकळे घ्यायचे. असा एक ठोकळा बरोबर एक लिटरचा. ते डिक्कीत रचत जायचे आणि शेवटी मोजायचे. ३८२ ठोकळे बसले की ३८२ लिटर. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३८३२ मध्येही असेच ठोकळे आहेत. अमेरिकेत एसएई जे११०० नावाचं मानक आहे, त्यात ठोकळ्यांऐवजी ठरावीक मापांच्या सुटकेस आणि खोके वापरतात. म्हणून एकाच गाडीचे दोन देशांत दोन आकडे दिसू शकतात.

ठोकळा म्हणजे साधारण निम्म्या विटेएवढी वस्तू. तो चाकाच्या कमानीशेजारच्या खोबणीत जातो, दिव्यामागच्या कोपऱ्यात जातो, स्टेपनीच्या कडेलाही बसतो. तुमची सुटकेस यातल्या एकाही ठिकाणी जात नाही. तो आकडा खरा असतो, पण ठोकळ्यांसाठी.

दुसरी गोम म्हणजे मोजणी कुठपर्यंत केली. मागच्या काचेखाली जो पार्सल ट्रे असतो, तिथपर्यंत मोजलं तर एक आकडा येतो आणि छतापर्यंत मोजलं तर बराच मोठा. ब्रोशरमध्ये हे बहुधा लिहिलेलं नसतं. सेल्समनला विचारलं तर तोही गडबडतो. आम्ही एका शोरूममध्ये विचारलं, तर उत्तर आलं, "सर, भरपूर आहे." भरपूर हे एकक कुठल्या मानकात आहे ते मी अजून शोधतोय.

कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्यांना बिन पॅकिंग आठवत असेल. ठरावीक आकाराच्या डब्यांत वेगवेगळ्या मापांच्या वस्तू कमीत कमी डब्यांत कशा बसवायच्या, हा तो प्रश्न. वस्तूंच्या मापांची बेरीज डब्यापेक्षा कमी आली म्हणजे त्या बसतीलच असं नाही, आणि सगळ्यात चांगली रचना शोधणं कॉम्प्युटरलाही अवघड जातं. दर सुट्टीला आपले बाबा अंगणात उभे राहून हाच प्रश्न हाताने सोडवत असतात, वर आपण त्यांना घाई करतो.

आता खरे आकडे घेऊ. विमानात चालणारी केबिन बॅग ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरची, म्हणजे ४८ लिटर. मधली सुटकेस साधारण ६७ × ४५ × २८, म्हणजे ८४ लिटर. मोठी ७७ × ५० × ३०, म्हणजे ११५ लिटर. दोन मोठ्या, एक मधली आणि एक केबिन धरली तर बेरीज ३६२. ब्रोशरवर ३८२ असेल तर कागदावर वीस लिटर उरायला हवेत. प्रत्यक्षात दोन मोठ्या सुटकेस आडव्या पडल्या की वर बिजागरीचे दांडे आडवे येतात, आणि चौथी बॅग हातात राहते. माझा ढोबळ हिशेब असा: कडक सुटकेस असतील तर ब्रोशरच्या आकड्याचे पाऊण धरा. कापडी बॅगा, पिशव्या, गाठोडी असतील तर थोडं जास्त. आपल्याकडची जुनी वळकटी या बाबतीत सुटकेसपेक्षा हुशार होती, जागा मिळेल तसा आकार घ्यायची.

आपल्या गाड्यांच्या डिक्क्या अशा का?

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. लहान म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. झालं, तिथून पुढे भारतातल्या गाड्यांचा आकार कर ठरवू लागला. २००८ मध्ये टाटाने इंडिगो सीएस आणली, मागून कापून ४ मीटरच्या आत बसवलेली सेडान. त्याच वर्षी आलेली पहिली मारुती डिझायर ४ मीटरपेक्षा लांब होती आणि तिची डिक्की ४४० लिटरची होती. २०१२ ची डिझायर ३,९९५ मिलिमीटरमध्ये बसवली आणि डिक्की ३१६ वर आली. नाव तेच, गाडी नवी, आणि सव्वाशे लिटर गायब. पुढे २०१७ ला ३७८ आणि २०२४ ला ३८२ पर्यंत ती परत वाढवली, पण पहिल्या आकड्यापर्यंत ती पोचलीच नाही.

ही रेघ आजही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तेव्हा याच मापात बसणाऱ्या गाड्यांना १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के लागला. म्हणून ४ मीटरच्या आतली रेनो ट्रायबर एका बाजूला आणि ४ मीटरहून लांब एर्टिगा दुसऱ्या बाजूला. डिक्कीचे जास्तीचे लिटर तुम्ही करातही मोजता, हे बजेट लावताना ध्यानात असू द्या.

सात सीट आणि सामान एकत्र मिळत नाही

बाबांशी खरी चर्चा इथे झाली. सात सीटर गाडी मोठी असते, म्हणून डिक्कीही मोठी असेल असं वाटतं. पण तिसरी रांग डिक्कीच्याच जागेत उभी असते. एर्टिगात तिन्ही रांगा उभ्या असताना मागे २०९ लिटर उरतात. नव्या स्विफ्टमध्ये २६५ आहेत! तिसरी रांग पाडली की एर्टिगा ५५० वर जाते. ट्रायबरचा फरक अजून मोठा: सात बसले तर ८४ लिटर, म्हणजे दोन शाळेच्या बॅगा आणि पाण्याचा कॅन, तिसऱ्या रांगेच्या सीट काढून घरी ठेवल्या तर ६२५. किया कॅरेन्स सात सीटसह २१६, इनोव्हा क्रिस्टा ३००. इनोव्हासारखी लांबलचक गाडीसुद्धा सात जणांना घेऊन निघाली की सामानाला पाच सीटर डिझायरपेक्षा कमी जागा देते.

म्हणजे सात सीटर ही एकाच वेळी दोन गोष्टी देत नाही. ती पाच माणसं आणि खूप सामान, किंवा सात माणसं आणि थोडं सामान, यातलं निवडायची मुभा देते. प्रश्न असा विचारायला हवा: वर्षातले किती दिवस आपण सहा-सात जण असतो, आणि त्या दिवशी सामान किती असतं?

आम्ही कागद घेऊन बसलो. महिन्यातून दोन-तीनदा अकोला: आजी, आई, बाबा आणि कधी मी, सोबत व्हीलचेअर. वावरात जाताना बाबा, कधी एखादा मजूर, फवारणी पंप, हंगामात बियाण्याच्या बॅगा. वर्षातून दोनदा ताई आणि भाचा येतात तेव्हा सहा जण, पोहरादेवी किंवा लोणार, सोबत पुन्हा व्हीलचेअर. सात जण आम्ही कधीच नव्हतो. बाबांनी ती ओळ तीनदा वाचली. "पाहुणे आले तर?" म्हणाले. पाहुणे स्वतःच्या गाडीने येतात, हे आईने सांगितलं, मी नाही.

तरी सहा जण आणि व्हीलचेअर हा दिवस उरतोच, आणि तो पाच सीटरमध्ये बसत नाही. इथे एक बारीक माहिती कामाला आली, जी ब्रोशरच्या शेवटच्या पानावर असते: तिसरी रांग एकसंध पडते की निम्मी-निम्मी. निम्मी पडत असेल तर एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला लांब वस्तू, असं जमतं. पाच सीटरमध्येही हाच प्रश्न मागच्या सीटबद्दल विचारा. ६०:४० मध्ये पडते, पूर्ण पडते, की पडतच नाही? डिझायरची मागची सीट पडतच नाही. डिक्की मोठी असली तरी सहा फुटी पाइप, शिडी किंवा सायकल तिच्यात जाणार नाही. उलट एखादी हॅचबॅक लिटरमध्ये मागे असूनही सीट पाडून फ्रिजचा खोका घेऊन येते.

सीएनजी घेताय?

सीएनजीचा दर पाहून सगळ्यांचं मन तिकडे जातं, पण सिलिंडर कुठे आहे ते उघडून बघा. नेहमीच्या रचनेत एक मोठा सिलिंडर डिक्कीत आडवा असतो आणि उरलेली जागा म्हणजे त्याच्या आजूबाजूच्या फटी. सात सीटरमध्ये तो तिसऱ्या रांगेमागे येतो, म्हणजे होते तेही २०९ लिटर बहुतेक गेले. टाटाने मे २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलिंडर डिक्कीच्या तळाखाली बसवले. ह्युंदाईनेही नंतर एक्स्टरमध्ये दोन सिलिंडरची रचना आणली. मारुतीने २०२५ च्या व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या पोटाखाली नेली. अशा रचनेत सपाट डिक्की मिळते, पण फुकट नाही: पेट्रोल पंचची डिक्की ३६६ लिटर, सीएनजी पंचची २१०. नेक्सॉन ३८२ वरून ३२१.

पेट्रोलवरच्या गाडीला बाहेरून किट बसवणार असाल तर डिक्की गेलीच असं समजा. आणि व्हीलचेअर, पेटी, क्रिकेटची किटबॅग असं काही नेहमी न्यायचं असेल तर डिक्कीतल्या सिलिंडरची गाडी घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे दुसऱ्या गाडीच्या भाड्यात जातात. आम्ही वर्षभर तेच केलं.

फोन आणि खडू घेऊन मोजणी

आता कामाचं. शोरूमला जायच्या आधी घरचं सामान मोजा. फोनमधलं मोजमापाचं ॲप अंदाजाला बरं आहे, पण मीटरभर लांबीत एक-दोन सेंटीमीटर सहज चुकतं, आणि डिक्कीत शेवटचे दोन सेंटीमीटरच नडतात. शंभर रुपयांचा मेजर टेप घ्या. आमची व्हीलचेअर घडी केल्यावर आणि पाठ दुमडल्यावर ८८ × ६८ × २८ सेंटीमीटर भरली. गुणाकार केला तर १६८ लिटर. पण ती व्हीलचेअर आहे, आत सगळी हवा. त्या हवेत पिशव्या कोंबता येतात, तरी ८८ सेंटीमीटरची कड काही वाकत नाही. म्हणून लिटर विसरा आणि सगळ्यात लांब, सगळ्यात रुंद अशा एका वस्तूची तिन्ही मापं फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. डिक्की त्या वस्तूवरून निवडायची, बाकीचं सामान आजूबाजूला लागतं.

शोरूममध्ये चार मापं घ्या. पहिलं, डिक्कीच्या तोंडाची रुंदी आणि उंची. सेडानची डिक्की आत खोल असते पण तोंड अरुंद, त्यामुळे आत मावणारी वस्तू तोंडातून जात नाही असंही होतं. दुसरं, तळाला दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी. हीच खरी रुंदी. वर मोजली तर दहा-पंधरा सेंटीमीटर फसाल. तिसरं, मागच्या सीटपासून दारापर्यंतची खोली. ही सीटवर माणूस बसेल अशा स्थितीत मोजा, कारण सीट पुढे सरकत असेल तर सेल्समन ती आधीच पुढे सरकवून ठेवतो. चौथं माप कुणी घेत नाही: जमिनीपासून डिक्कीच्या उंबऱ्याची उंची. आई व्हीलचेअर एकटीने उचलणार असेल तर हा उंबरा गुडघ्याच्या थोडा वर हवा, कमरेला नको. उंबऱ्याच्या आत डिक्कीचा तळ खोल असेल तर जड वस्तू बाहेर काढताना पाठीला कळतं.

घरी आल्यावर अंगणात खडूने ही मापं आखा आणि सामान त्यात रचून बघा. शेजारचे हसतील. आमच्याकडे भाच्याने त्या चौकोनात बसून "मी डिक्की" असं जाहीर केलं, पण दोन गाड्या त्या खडूच्या रेघांतच बाद झाल्या, आणि टेस्ट ड्राइव्हच्या फेऱ्या वाचल्या.

ऑनलाइन फोटोंवर भिस्त ठेवू नका. डिक्कीचे फोटो वाइड लेन्सने काढलेले असतात. तुमच्या फोनचा ०.५ एक्स कॅमेरा लावून घरातल्या कपाटात डोकावून बघा, कपाट खोलीएवढं दिसेल. ३६० अंशांच्या व्ह्यूमध्येही तोच खेळ. गाड्यांच्या रिव्ह्यूचे व्हिडिओ मात्र उपयोगी, विशेषतः ज्यात खऱ्या सुटकेस टाकून दाखवतात. त्यात सुटकेस कडक आहे की कापडी तेवढं बघा.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे टेस्ट ड्राइव्हला सामानच घेऊन जा. आम्ही व्हीलचेअर नेली. एका ठिकाणी "नव्या गाडीवर ओरखडा येईल" म्हणून टाकू देईनात. तिथून आम्ही निघालो. दुसरीकडे त्या मुलाने स्वतःच चादर अंथरली.

वजन: डिक्कीत मावलं म्हणजे गाडीला झेपलं असं नाही

लिटरवर इतकं बोलतो, पण जीव वजनावर जातो. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात दोन आकडे शोधा. कर्ब वेट म्हणजे इंधनासह रिकाम्या गाडीचं वजन. ग्रॉस वेट म्हणजे माणसं आणि सामान धरून गाडीने जास्तीत जास्त किती असावं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमच्या हातातली जागा, किलोत. समजा सात सीटरचं कर्ब वेट १,२०० आणि ग्रॉस वेट १,७८५ आहे. उरले ५८५. सात मोठी माणसं सरासरी ७० किलोची धरली तर ४९० गेले. सामानाला राहिले ९५ किलो. छोट्या पाच सीटरमध्ये १,००० आणि १,४१५ असेल तर ४१५ मधून पाच जणांचे ३५० वजा, उरले ६५. बियाण्याच्या तीन बॅगा आणि फवारणी पंप टाकलात की संपलं. डिक्की अर्धी रिकामी दिसत असते, पण गाडीची क्षमता भरलेली असते. पाणी, धान्य, बियाणं, खत, पुस्तकं हे सगळं असंच कमी जागेत जास्त वजन करतं.

आमच्या भागात हे आता जास्त महत्त्वाचं झालंय, कारण समृद्धी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू होऊन पूर्ण ७०१ किलोमीटर मोकळे झाले. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. जुन्या रस्त्यावर खड्डे आपल्याला साठ-सत्तरवर ठेवायचे, त्यामुळे गाडी जास्त भरली तरी निभावून जायचं. समृद्धीवर तीच भरलेली गाडी, विदर्भातल्या मे महिन्याचं ऊन, तापलेला काँक्रीटचा रस्ता आणि तासभर न थांबता १२० चा वेग. टायरमध्ये हवा कमी आणि वजन जास्त असेल तर टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते, आणि टायर फुटतो तो असाच. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर टायरमधल्या हवेचे बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. हवा निघण्याआधी, टायर थंड असताना भरा. प्रवासात गरम टायर जास्त हवा दाखवतो म्हणून ती सोडायची नसते.

दुसरी गोष्ट सुट्या सामानाची. गाडी अचानक थांबली तरी आतली वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी ६० किलोमीटर वेगाची वस्तू म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून पडलेली वस्तू. १२० ला ती उंची दुप्पट नाही, चौपट होते, ५६ मीटरच्या वर. अठरा मजली इमारतीवरून आपल्या व्हीलचेअरकडे बघा. पहिल्या काही फेऱ्यांत आम्ही तीच व्हीलचेअर आजीच्या शेजारी सीटवर नुसती उभी करून नेली होती, कारण डिक्कीत जात नव्हती. हिशेब मांडला त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं की पुन्हा असं करू नका, गाडी भाड्याने घ्या. गाडी बदलायची घाई खरी तेव्हा झाली.

म्हणून जड वस्तू तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. सीटच्या पाठीचे खटके नीट बसलेत ना ते ओढून बघा. मागे कुणी बसलं नसेल आणि डिक्की जड भरली असेल, तर रिकाम्या सीटचे पट्टे लावून ठेवा, पाठीला तेवढाच आधार मिळतो. सामान मागच्या काचेच्या वर नको, आरशात मागचं दिसलं पाहिजे. डिक्कीत सामान बांधायला हुक किंवा कड्या आहेत का ते घेतानाच पाहा. दोन पट्ट्यांचा खर्च किरकोळ आहे.

छतावरच्या कॅरिअरचा मोह होतो. मॅन्युअलमध्ये छतावर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. ट्रायबरसारख्या गाडीला ५० किलोपर्यंतची मुभा आहे. बऱ्याच गाड्यांवरचे रेल मात्र नुसते शोभेचे असतात. मॅन्युअलमध्ये किलोचा आकडाच नसेल तर वर काही ठेवू नका. वर ठेवायचंच तर हलकं आणि मोठं, गाद्या-चादरी वगैरे. जड पेटी वर गेली की वळणावर गाडी झुलते, आणि समृद्धीच्या उघड्या पट्ट्यात आडवा वारा आला की स्टिअरिंगला कळतं. मायलेज घटतं ते वेगळंच.

तिसऱ्या रांगेत लहान मुलांना बसवणार असाल तर एकदा स्वतः तिथे बसा. डोकं मागच्या दाराच्या काचेपासून किती जवळ आहे ते दिसेल. तिथे डोक्याला आधार आहे का, पट्टा तीन बिंदूंचा आहे का, एसीची हवा पोचते का, एवढं बघा. भारत एनकॅप ही आपली क्रॅश टेस्ट १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. मोठ्यांचे आणि लहान मुलांचे तारे त्यात वेगवेगळे देतात, दोन्ही पाहा.

शेवटी आम्ही काय घेतलं? सेकंड हँड पेट्रोल एर्टिगा, तिसरी रांग निम्मी-निम्मी पडणारी. एरवी तिसरी रांग पूर्ण पाडलेली असते, व्हीलचेअर चादरीवर आडवी आणि दोन पट्ट्यांनी बांधलेली. ताई आली की एका बाजूची सीट उभी होते, भाचा तिथे बसतो, आणि त्याच्या शेजारी व्हीलचेअर कडेवर उभी करून कडीला आवळतो. मागच्या आठवड्यात आईने व्हीलचेअर पहिल्यांदा एकटीने चढवली. तिने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "उंबरा अजून दोन इंच खाली असता तर बरं होतं." ते माप मी घ्यायला विसरलो होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.